प्रदूषणाची हद्द आणि कार्यालयाची हद्द

नगररचनेच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : आशियातल्या बहुतेक देशांत पाण्याचा कायदा आहे, हवेचा कायदा आहे, नियंत्रण मंडळ आहे, दंडाची तरतूद आहे; तरीही काही ठिकाणी दहा वर्षांत हवा किंवा नदी सुधारली आणि काही ठिकाणी चाळीस वर्षांतही सुधारली नाही, हे कशामुळे, आणि मुंबईने यांतल्या कोणाकडून काय घ्यावे?

या प्रश्नाला 'अंमलबजावणी कमी पडते' असे ठरावीक उत्तर दिले जाते. ते खोटे नाही. पण तापाने फणफणलेल्या माणसाला 'तुमचे अंग गरम आहे' असे सांगण्याइतकाच त्याचा उपयोग आहे. सांडपाण्यावरील प्रक्रिया आणि प्रदूषणाचे मापन या कामात मुंबई, ठाणे आणि रायगडच्या पट्ट्यात तीस वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कायद्यातली कलमे वाचण्याआधी नकाशा उघडावा. प्रदूषण जेवढ्या प्रदेशात तयार होते आणि पसरते, तेवढा सगळा प्रदेश कोणा एकाच्या अधिकारात आणि जबाबदारीत आहे का, हे आधी पाहावे. आशियातल्या ज्या यशस्वी धोरणांची उदाहरणे दिली जातात, त्यांतल्या बहुतेकांत कुठे ना कुठे ही हद्द नव्याने आखली गेली होती. जिथे ती तशीच राहिली, तिथे प्रदूषण बहुधा शेजाऱ्याकडे सरकले आणि कागदावर मात्र कमी झाले.

हे मत पुस्तकातून आलेले नाही, म्हणून त्याचा उगम सांगतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका नाल्याचे नमुने घेण्याचे काम माझ्याकडे होते. नाला एका औद्योगिक वसाहतीतून निघून, एका नगरपालिकेच्या वस्तीतून वाहत पुढे खाडीला मिळत असे. खाडीत मासे मरून तरंगल्याची तक्रार कोळीवाड्यातून आली, तेव्हा तीन कार्यालयांची पत्रे माझ्या फाइलला लागली आणि तिन्ही पत्रांत एकच वाक्य होते : 'सदर भाग आमच्या हद्दीत येत नाही.' नकाशा काढून पाहिला, तर तिन्ही पत्रे खरी होती. वसाहतीची जबाबदारी कुंपणाच्या भिंतीपाशी संपत होती, नगरपालिकेची शेवटच्या मोरीपाशी, आणि मासे मेले होते ती जागा भरतीच्या रेषेखाली होती. त्या नमुन्यांचे अहवाल मी लिहिले, ते दाखलही झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा मासे मेले.

खंडाकडे पाहताना सुरुवात जपानपासून करावी लागते, कारण औद्योगिक प्रदूषणाची जबर किंमत आशियात सर्वांत आधी त्या देशाने मोजली आणि सर्वांत आधी धडाही त्यानेच घेतला. क्यूशू बेटावरील मिनामाता या गावातल्या विचित्र मज्जाविकाराची अधिकृत नोंद मे १९५६ मध्ये झाली. चिस्सो कंपनीच्या अॅसिटाल्डिहाइड कारखान्यातून बाहेर पडणारा पाऱ्याचा सेंद्रिय संयुग मासे आणि शिंपल्यांमार्फत माणसांच्या पोटात जात होता. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये पाऱ्याकडे बोट दाखवले, तरी सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ मध्ये. या बारा वर्षांतली एक गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाटते. १९५८ मध्ये कंपनीने आपले सांडपाणी बंदराच्या खाडीऐवजी मिनामाता नदीच्या मुखाशी सोडायला सुरुवात केली. तोपर्यंत मुख्यतः खाडीच्या काठी दिसणारा आजार त्यानंतर नदीमुखाजवळच्या आणि शिरानुई समुद्राच्या काठच्या कोळ्यांमध्ये दिसू लागला. नळाचे तोंड बदलले आणि रोगाचा नकाशा बदलला.

योक्काइची या शहराची कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, पण मुंबईच्या दृष्टीने ती मिनामातापेक्षाही जवळची आहे. तेथे समुद्रालगत तेलशुद्धीकरण आणि पेट्रोरसायनांचे कारखाने एकमेकांना खेटून उभे राहिले आणि गंधकयुक्त धुरामुळे आसपासच्या वस्तीत दम्याची साथच आली. प्रत्येक कारखान्याचा युक्तिवाद असा होता की, आमच्या एकट्याच्या धुरामुळे हा आजार झाला हे सिद्ध करा. नऊ रुग्णांनी सहा कंपन्यांविरुद्ध लावलेल्या दाव्यात १९७२ साली न्यायालयाने या सहाही कंपन्यांना एकत्रितपणे जबाबदार धरले. हा निकाल मला धोरणाच्या दृष्टीने फार मोठा वाटतो, कारण त्याने एका चिमणीची हद्द पुसून औद्योगिक पट्टा हा जबाबदारीचा घटक ठरवला. त्याआधी चिमणीच्या उंचीशी बांधलेले नियम होते आणि त्यांचा परिणाम असा झाला होता की चिमण्या उंच झाल्या आणि धूर अधिक दूरवर गेला. १९७४ मध्ये जपानने त्याऐवजी संपूर्ण क्षेत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण गंधक वायूंवर मर्यादा घातली. १९७३ च्या कायद्याने रुग्णांच्या भरपाईसाठी प्रदूषकांकडून त्यांच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात आकार घेण्यास सुरुवात झाली. याच्याही आधी, १९७० च्या अखेरीस जपानी संसदेच्या एकाच अधिवेशनात प्रदूषणविषयक चौदा कायदे मंजूर झाले आणि पर्यावरणाचे रक्षण 'आर्थिक विकासाशी सुसंगत' असावे ही आधीच्या मूलभूत कायद्यातली पळवाट काढून टाकण्यात आली. चौदा कायद्यांचा उल्लेख सगळे करतात. ती एक ओळ वगळली गेली, याचा फारसा कोणी करत नाही.

चीनचे उदाहरण देताना दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की त्यांनी चमत्कार केला, आणि दुसरे असे की हुकूमशाही असल्यामुळे त्यांना जमले, आपल्याला त्याचा काही उपयोग नाही. दोन्ही मते आळशी आहेत. जानेवारी २०१३ मध्ये बीजिंगवर धुरक्याची जी चादर पसरली, तिच्यानंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. त्यात उद्दिष्ट एका शहराला दिलेले नव्हते. बीजिंग, तिआनजिन आणि हबेई प्रांत हा एक प्रदेश मानून तेथील अतिसूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, २०१७ पर्यंत पंचवीस टक्क्यांनी कमी करायचे होते. यांगत्से नदीच्या त्रिभुज प्रदेशाला वीस आणि पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशाला पंधरा टक्क्यांचे उद्दिष्ट होते. बीजिंगची हवा बिघडवणारे पोलाद कारखाने आणि कोळशाच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणात हबेईत होत्या, हे त्यामागचे साधे कारण. बीजिंगमध्ये २०१३ साली पीएम २.५ ची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती. २०१७ मध्ये ती ५८ आणि २०२१ मध्ये ३३ झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार ही पातळी ५ असावी, हे ध्यानात घेतले तर ३३ ही समाधानाची संख्या नाही. परंतु आठ वर्षांत एवढा उतार कोणत्याही अब्जावधी लोकसंख्येच्या देशाच्या राजधानीने क्वचितच अनुभवला आहे.

याच मोहिमेची काळी बाजूही त्याच प्रदेशात दिसली. २०१७ च्या हिवाळ्याआधी उत्तर चीनमधल्या लाखो घरांतल्या कोळशाच्या शेगड्या काढून टाकण्यात आल्या, पण गॅसचा पुरवठा सर्वत्र वेळेत पोहोचला नाही. हबेईतल्या काही शाळांत मुलांना ऊब मिळावी म्हणून बाहेर उन्हात बसवून शिकवावे लागले, आणि डिसेंबरमध्ये सरकारला कोळशाला तात्पुरती परवानगी द्यावी लागली. उद्दिष्ट वरून खाली आकड्याच्या रूपात उतरले की, आकडा गाठणारा अधिकारी थंडी मोजत नाही. आपण चीनकडून त्यांची सत्ता उसनी घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. भूगोल मात्र घ्यावा : हवेलाही नदीसारखेच पाणलोट क्षेत्र असते, आणि उद्दिष्ट त्या पाणलोटाला द्यावे लागते.

दिल्लीचा अनुभव याच कसोटीवर तपासा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर आणि बऱ्याच ओढाताणीनंतर २००२ च्या अखेरपर्यंत दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्या नैसर्गिक वायूवर आल्या. हे काम खरोखर मोठे होते आणि शहराच्या हद्दीत जेवढे करता येत होते, त्याचा तो उत्तम नमुना होता. पुढच्या दशकात वाहने वाढली, बांधकामे वाढली, आणि शेजारच्या राज्यांतल्या वीटभट्ट्या, औष्णिक वीज केंद्रे आणि भाताचे काड जाळल्याचा धूर यांनी तो फायदा गिळून टाकला. पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि दिल्ली यांना कवेत घेणारा हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापन व्हायला २०२० साल उजाडावे लागले. २०२१ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले. आयोगाकडून अपेक्षित परिणाम अजून दिसलेला नाही, पण किमान नकाशा तरी योग्य आकाराचा झाला आहे. मात्र उत्तर भारतातला हा धूर वाघा सीमेपाशी थांबत नाही आणि लाहोरचा धूरही तिथे थांबत नाही. दक्षिण आशियातल्या आठ देशांनी सीमापार वायुप्रदूषणाविषयी मालदीवमधील माले येथे १९९८ सालीच एक घोषणापत्र मान्य केले होते. आज त्याची आठवण बहुधा परीक्षेतच निघते.

देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या धुराविषयी आग्नेय आशियाचा अनुभव अधिक बोलका आहे. इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि कालिमांतान येथील दलदलीची, कुजलेल्या वनस्पतींच्या जाड थरांची जमीन पाम तेल आणि कागदाच्या लागवडीसाठी कालवे काढून कोरडी केली जाते. एकदा ती पेटली की आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. १९९७ च्या धुरक्याने सिंगापूर आणि मलेशिया गुदमरले. २००२ मध्ये आसियान देशांनी सीमापार धुरक्याविषयी करार केला आणि तो २००३ मध्ये अमलात आला. पण जेथून धूर निघत होता त्या इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली ती २०१४ मध्ये. दरम्यान सिंगापूरने वेगळा मार्ग काढला. २०१४ च्या त्यांच्या कायद्यानुसार, परदेशातल्या जमिनीवर लागलेल्या आगीमुळे सिंगापूरची हवा बिघडली तर त्या जमिनीच्या मालकाला किंवा ती वापरणाऱ्या कंपनीला सिंगापुरात दंड होऊ शकतो, आणि उपग्रह चित्रे व जमिनींचे नकाशे यांच्या आधारे जबाबदारी गृहीत धरता येते. कायदा धाडसी आहे. अडचण अशी की ज्या नकाशांवर तो उभा आहे, ते दुसऱ्या देशाच्या कार्यालयात असतात. २०१५ मध्ये पुन्हा भीषण वणवे लागले, आणि त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये इंडोनेशियाने दलदलीच्या जमिनींच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. माझ्या मते खरा उपाय तिथेच होता : जमीन पुन्हा ओली करणे. आग विझवणारी विमाने दूरदर्शनवर चांगली दिसतात. कालव्यात घातलेला बांध दिसत नाही.

प्रदूषण कमी होण्याऐवजी केवळ जागा बदलते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ढाक्याचे. हजारीबाग भागातल्या चामडी कमावण्याच्या कारखान्यांमुळे बुरीगंगा नदी काळी पडली होती. न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०१७ मध्ये त्यांची वीज, गॅस आणि पाणी तोडले गेले आणि उद्योगाला सावर येथील नव्या वसाहतीत जावे लागले. तेथे सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते, पण ते पूर्ण क्षमतेने तयार होण्याआधीच कारखाने सुरू झाले. चामडे कमावताना वापरले जाणारे क्रोमियम वेगळे काढण्याची व्यवस्था आणि घनकचऱ्याची जागा अपुरी राहिली. परिणामी बुरीगंगेचे दुखणे धलेश्वरी नदीला लागले. ढाका महानगराच्या अहवालात ही सुधारणा ठरते. सामूहिक प्रक्रिया केंद्रांवर मी स्वतः काम केले आहे, म्हणून एक तांत्रिक मुद्दा मुद्दाम मांडतो : अशा केंद्राला पहिल्या दिवसापासून पुरेसे आणि साधारण एकसारखे सांडपाणी लागते, आणि प्रत्येक कारखान्याने आपल्या आवारातच प्राथमिक प्रक्रिया करून क्रोमियम वेगळे काढावे लागते. कारखान्याच्या दाराशी नमुना घेणारा माणूस नसेल, तर केंद्रावर कितीही खर्च केला तरी त्यातले सांडपाणी शुद्ध करणारे जीवाणू पहिल्याच जोरदार विषारी लोटात मरतात. त्यानंतर ते केंद्र म्हणजे एक महागडा हौद उरतो.

या विवेचनाला एक अपवाद आहे आणि तो लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मध्य आशियातला अरल समुद्र १९६० च्या सुमारास सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचा होता. कापसाच्या शेतीसाठी अमूदर्या आणि सिरदर्या या नद्यांचे पाणी वळवल्यामुळे तो आक्रसत गेला आणि त्याचे तुकडे झाले. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९३ मध्ये मध्य आशियातल्या पाच देशांनी अरल वाचवण्यासाठी संयुक्त निधी स्थापन केला, म्हणजे हद्द योग्य आकाराची आखली. पण प्रत्येकाला आपापला कापूस आणि आपापली वीज हवी होती, म्हणून त्या मोठ्या हद्दीतून फारसे काही निघाले नाही. उलट कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने २००५ मध्ये कोक-अरल हा सुमारे तेरा किलोमीटरचा बांध घालून उत्तरेचा लहान तुकडा वेगळा केला. पाण्याची पातळी अपेक्षेपेक्षा लवकर वाढली, खारटपणा कमी झाला, मासे परतले आणि कोळीही परतले. दक्षिणेचा मोठा भाग मात्र जवळपास वाळवंट झाला. इथे हद्द लहान करून थोडे वाचवले गेले. हे यश की शरणागती, याविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. परंतु उत्तर काठच्या आराल्स्क गावातल्या कोळ्यापुढे हा प्रश्न नक्कीच वेगळ्या रूपात उभा राहतो.

जमिनीखालच्या पाण्याची हद्द तर नकाशावर दिसतच नाही. टोकियोच्या पूर्वेकडील सखल भागाचा काही हिस्सा कारखान्यांच्या उपशामुळे चार मीटरहून अधिक खचला. १९५६ आणि १९६२ च्या कायद्यांनी उपसा रोखला, कारखान्यांना पर्यायी पाणी दिले गेले, आणि सत्तरच्या दशकात खचणे जवळपास थांबले. बँकॉकने १९७७ च्या कायद्यानंतर भूजलाचा दर टप्प्याटप्प्याने वाढवला, नळाचे पाणी पोहोचवले, आणि तेथील खचण्याचा वेगही बराच मंदावला. दोन्हीकडे आधी पर्यायी पाणी आले आणि मग बंदी परिणामकारक झाली. जकार्तात नळाचे पाणी पुरेशा घरांपर्यंत पोहोचले नाही, विंधनविहिरी चालू राहिल्या, शहराचा उत्तर भाग खचत राहिला, आणि २०२२ मध्ये राजधानीच बोर्निओ बेटावर हलवण्याचा कायदा झाला. राजधानी हलवता येते; खचणाऱ्या किनाऱ्यावरची वस्ती मात्र मागे राहते.

सोलच्या कचऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. दक्षिण कोरियाने १९९५ पासून घरोघरच्या कचऱ्यासाठी ठरावीक विकतच्या पिशव्या सक्तीच्या केल्या. जेवढा कचरा, तेवढ्या पिशव्या, तेवढा खर्च. २००५ पासून ओला कचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी आली. येथे जबाबदारीची हद्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणली गेली. तरीही उरलेला कचरा दीर्घकाळ शेजारच्या इंचन शहराच्या कचराभूमीत जात राहिला आणि 'तुमचा कचरा आमच्याकडे का' हा वाद तिथे अनेक वर्षे पेटता राहिला. मुंबईच्या कचराभूमीशेजारी राहणाऱ्या कांजूरमार्गच्या रहिवाशांना हे वाक्य परके वाटणार नाही.

आता मुंबई. मिठी नदी विहार आणि पवई तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १७.८४ किलोमीटर वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तोपर्यंत ज्या प्रवाहाला अनेक मुंबईकर नाला समजत होते ती नदी आहे, हे शहराला कळले. ऑगस्ट २००५ मध्ये मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले, पण प्रत्यक्ष काम सुमारे ११.८४ किलोमीटर महानगरपालिकेकडे आणि सुमारे ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, असे वाटले गेले; मधला विमानतळाचा भाग आणखी तिसऱ्याच्या ताब्यात. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने पूर्ण पाणलोटाचा विचार करण्याचा आग्रह धरला होता. प्रत्यक्षात रुंदीकरण, खोलीकरण आणि संरक्षक भिंती झाल्या, कारण ती कामे किलोमीटरमध्ये वाटता येतात आणि त्यांची बिले काढता येतात. लहान कारखान्यांचे तेल, भंगार धुण्याचे पाणी आणि झोपडपट्ट्यांचे मलजल ज्या शेकडो तोंडांतून नदीत येते, ती तोंडे कोणाच्याच किलोमीटरमध्ये नीट बसत नाहीत.

मुंबईत एका बाबतीत मात्र हद्द योग्य रीतीने आखली गेली, आणि तिचे श्रेय आपण देत नाही. खारफुटीची तोड थांबवण्याचा उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आणि २०१८ चा अंतिम निकाल यांच्या दरम्यान कांदळवनांची बरीच सरकारी जमीन वनविभागाकडे गेली आणि २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. पूर्वी महसूल, वन, सिडको, महापालिका अशा अनेकांच्या नोंदींत विखुरलेल्या जागेला एक धनी मिळाला. भराव टाकणारा ट्रक आजही रात्री येतो, हे खरे. पण तक्रार कोणाकडे करायची, हे आता ठाऊक असते. ठाणे खाडीच्या रोहित पक्ष्यांमुळे या विषयाला लोकांचे प्रेम मिळाले, याचाही वाटा आहे. मिठीला रोहित पक्षी मिळाले नाहीत.

हवेच्या बाबतीत आपण अजून दिल्लीच्या २००२ सालातच आहोत. ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ असह्य झाली, तेव्हा महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले. उंच इमारतींभोवती पस्तीस फूट पत्रे, राडारोड्याच्या गाड्यांवर आच्छादन, पाण्याची फवारणी. उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. हे सर्व आवश्यक होते. पण मुंबई महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत, आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा रात्रीचा वारा पत्रीपुलावर किंवा वाशीच्या खाडीवर जकात भरायला थांबत नाही. तळोजा, डोंबिवली, भिवंडीची गोदामे, उपनगरांतले सिमेंट मिसळण्याचे प्रकल्प, चेंबूर आणि माहुलचे तेलशुद्धीकरण, आणि बंदराकडे जाणारी अवजड वाहतूक ही सगळी एकाच हवेत आहेत. माहुल आणि अंबापाडा येथील रहिवाशांच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, तेव्हा मला योक्काइचीची आठवण झाली; फरक एवढाच की इथे प्रत्येकीचा वाटा स्वतंत्र मोजला गेला. आपल्याकडे नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटी अजूनही मुख्यतः एकेका चिमणीला लावल्या जातात. साऱ्या चिमण्या मर्यादेत असूनही माहुलची बाई रात्री खिडकी उघडत नाही, हे त्या पद्धतीने कधीच समजणार नाही. मुंबईने जपानकडून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ती क्षेत्राच्या एकूण उत्सर्जनावरची मर्यादा असावी, असे मला वाटते. आणि ती मर्यादा घालणारी यंत्रणा नऊही महापालिकांच्या वर असावी.

हद्दीचा प्रश्न केवळ बाहेर जाणाऱ्या घाणीचा नसतो, आत येणाऱ्या पाण्याचाही असतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार एवढेच शहरात आहेत. भातसाचे धरण शहापूर तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर जातो. टोकियो आणि बँकॉकच्या अनुभवातला 'आधी पर्यायी पाणी' हा क्रम इथे उलटा लागू आहे, आणि मुंबईच्या हवामान कृती आराखड्यावर चर्चा करताना शहापूरचा प्रतिनिधी खोलीत असावा, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही.

प्रबंधासाठी विषय निवडायचा असेल, तर माझी सूचना वालधुनी नदीची आहे. ती अंबरनाथच्या वरच्या डोंगरातून निघते, शिलाहारकालीन शिवमंदिराच्या पायथ्याशी येईपर्यंत नदी असते, आणि त्यानंतर अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली अशा तीन स्थानिक संस्था आणि औद्योगिक वसाहत ओलांडून खाडीला मिळते. मार्चनंतर, पावसाळी पाणी आटलेले असताना, उगमापासून पायी चालत निघा. वाटेत नदीत उघडणारे प्रत्येक तोंड नकाशावर मांडा आणि त्याच्यापुढे चार रकाने ठेवा : परवानगी कोण देते, नमुना कोण घेते, दुरुस्तीचा पैसा कोण देते, आणि तक्रार कोण घेते. ज्या रकान्यात दोन नावे येतील तेथे दोन्ही कार्यालयांत जाऊन विचारा. ज्या रकान्यात एकही नाव येणार नाही, तो कोराच ठेवून प्रबंधासोबत जोडा.